फाशी गेलेला संपादक

सन १९०५ च्या मे महिन्यात त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानी आरमाराने रशियाचे आरमार बुडविले, ती वार्ता हिंदुस्थानात किती हर्षाने ऐकिली गेली हे त्या काळच्या वृत्तपत्रांच्या जुन्या फायली ज्यांनी चाळल्या असतील त्यांस ठाऊक आहेच. एका आशियाई राष्ट्राने युरोपातील एका बलाढ्य सत्तेस खडे चारले. मग आपणच काय म्हणून हात जोडून बसावे, असा प्रश्न लोक एकमेकांस विचारू लागले, आणि तो प्रश्न योग्यच होता. त्या आनंदात जी गोष्ट क्वचितच कोणाच्या ध्यानी आली असेल ती अशी की, त्सुशिमाची तोफ धडधडत होती त्या दिवशी टोकियोच्या सुगामो तुरुंगात एक तेहतीस वर्षांचा जपानी संपादक कैद भोगीत होता. कागदोपत्री त्याच्यावरील आरोप निराळा होता, तो पुढे येईल. परंतु खरा अपराध हाच की, त्याने आपल्या देशाच्या त्या विजयी युद्धास पहिल्या दिवसापासून उघड विरोध केला होता. त्याचे नाव कोतोकु शूसुइ. पुढे सहाच वर्षांनी त्याच्या सरकारने त्यास फासावर चढविले.

आरंभीच सांगून टाकणे बरे की, आम्ही अराजकवादी नाही. कायद्याचा अभ्यास करून ज्याचे केस पिकू लागले त्यास राज्यसंस्थाच नको म्हणणाऱ्याचे मत पटावे तरी कसे? आपल्या जुन्या ग्रंथांनीही अराजक या शब्दास चांगला अर्थ ठेविलेला नाही. राजा नाही त्या देशात मोठा मासा लहान माशास गिळतो, हा मत्स्यन्याय महाभारताच्या शांतिपर्वापासून आपण ऐकत आलो आहो. बरे, इंग्रजी अमलात तर या शब्दाची फारच ओढाताण झाली. बंगाल्यात कोणी गोळा टाकला की तो लागलीच ‘अनार्किस्ट’ ठरे. युरोपातील अराजकवादी आणि स्वदेशाभिमानाने भडकलेला बंगाली तरुण यांत अंतर आहे, हे लोकमान्य टिळकांनी १९०८ साली लिहिले आणि त्या लेखांबद्दल सहा वर्षे मंडालेस काढली. म्हणून ‘अराजक’ हा शब्द कानी पडताच दचकून न जाता माणूस कोण होता, त्याने लिहिले काय, आणि केले काय, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे अशी आमची वाचकांस विनंती आहे.

कोतोकुचे जन्मनाव देनजिरो. शिकोकु बेटावर तोसा म्हणून प्रांत आहे, त्यातील नाकामुरा या लहानशा गावी १८७१ साली तो जन्मला. घराणे व्यापारी, औषधांचे दुकान आणि मद्याची भट्टी असा दुहेरी धंदा. बाप तो तान्हा असतानाच वारला व आईने त्यास वाढविले. मुलगा रोगट, पण चिनी विद्येत मोठा चलाख. तोसा प्रांत त्या दिवसांत लोकहक्कांच्या चळवळीचे माहेरघर होता. पार्लमेंट हवे, राज्यघटना हवी, लेखनाचे स्वातंत्र्य हवे, अशा सभा तेथे गाजत होत्या. हा मुलगा १८८७ साली टोकियोस गेला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरकारने एक विलक्षण हुकूम काढला. राजधानीच्या शांततेस अपायकारक वाटतील अशा साडेपाचशेहून अधिक इसमांस राजवाड्यापासून ठराविक अंतराच्या बाहेर हाकून लावण्यात आले. त्यांत मोठमोठे पुढारी होते, आणि एका पुढाऱ्याच्या घरी राहून शिकणारा सोळा वर्षांचा कोतोकुही होता. सरकारने त्याची पहिली दखल घेतली ती अशी.

पुढे ओसाकास त्यास गुरू भेटला तो नाकाए चोमिन. फ्रान्सात राहून आलेल्या या पंडिताने रूसोचा ‘सामाजिक करार’ हा ग्रंथ विद्वानांच्या चिनी भाषेत उतरविला होता. चोमिन विक्षिप्त, दरिद्री आणि निःस्पृह. त्याच्या घरी राहून कोतोकु लिहावयास शिकला, आणि ‘शूसुइ’ म्हणजे शरद् ऋतूतील पाणी हे टोपणनाव गुरूनेच त्यास दिले. १९०१ साली घशाच्या कर्करोगाने चोमिनचा अंत होत असता दीड वर्षाचे आयुष्य उरले असे वैद्याने सांगितले, तेव्हा त्याने त्याच नावाचे पुस्तक लिहावयास घेतले व ते छापून आणण्याचे काम शिष्यावर सोपविले. गुरुशिष्यांचे असे नाते आपल्या लोकांस नवे नाही.

१८९८ साली कोतोकु ‘योरोझू चोहो’ या टोकियोतील अतिशय खपाच्या दैनिकात लेखक म्हणून शिरला. हे पत्र श्रीमंतांची लफडी छापी, कादंबऱ्या छापी, आणि त्याच अंकात मंत्रिमंडळावर कडक अग्रलेखही छापी. तेथे असतानाच १९०१ साली त्याने ‘साम्राज्यवाद : विसाव्या शतकातील राक्षस’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. हॉब्सन या इंग्रज पंडिताचा त्याच विषयावरील गाजलेला ग्रंथ बाहेर पडला तो याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे या विषयाचा विचार आशियाने युरोपकडून उसना घेतला असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. त्या पुस्तकात त्याने देशाभिमानावरही प्रहार केला आहे, आणि तेथे आमचे त्याच्याशी जमत नाही. दुसऱ्याच्या टाचेखाली असलेल्या लोकांचा देशाभिमान आणि दुसऱ्यास टाचेखाली घेऊ पाहणाऱ्यांचा देशाभिमान ही एकाच नावाची दोन नाणी आहेत. कोतोकुच्या डोळ्यांपुढे दुसरे होते. तथापि ते नाणे खोटे आहे हे त्याने ज्या वेळी ओळखले त्या वेळी ते ओळखणारे आशियात फार थोडे होते. १९१० च्या ऑगस्टात जपानने कोरिया गिळंकृत केला तेव्हा आपल्याकडील त्सुशिमाच्या भाटांस काय वाटले असेल?

त्याच १९०१ सालातील एक प्रसंग आमच्या मनातून जात नाही. आशिओ येथील तांब्याच्या खाणीतून निघणारे विषारी पाणी वातारासे नदीत मिसळून खालच्या गावांतील शेते करपून गेली होती, मासे मेले होते, आणि शेतकरी वर्षानुवर्षे अर्ज करून थकले होते. त्यांचा कैवारी तानाका शोझो हा पार्लमेंटचा सभासद. तेथे ओरडून ओरडून काही होईना तेव्हा त्याने सभासदत्वाचा राजीनामा दिला आणि थेट सम्राटाच्याच हाती अर्ज देण्याचे ठरविले. असा अर्ज राजदरबारास शोभेल अशा भारदस्त चिनीमिश्रित भाषेत लिहिलेला हवा. त्यात एक शब्द चुकला तरी राजाचा अवमान. तानाका रात्री कोतोकुच्या घरी आला. समाजवादी म्हणून आधीच पोलिसांच्या यादीत असलेल्या या माणसाने तो अर्ज लिहून दिला. १० डिसेंबर रोजी सम्राटाची गाडी जात असता तानाका अर्ज उंच धरून धावला. पहाऱ्यावरील स्वारांनी त्यास अडविले, तो पडला, आणि अर्ज गाडीपर्यंत पोहोचला नाही. सरकारने त्यास वेडा समजून सोडून दिले. दुसऱ्या दिवशी मात्र तो अर्ज वर्तमानपत्रांतून सर्व देशाने वाचला. ज्या कोतोकुवर नऊ वर्षांनी सम्राटाच्या वधाच्या कटाचा आरोप आला, त्याच्या लेखणीतून त्याच सम्राटाच्या चरणी लिहिलेला हा अर्ज निघाला होता. फिर्यादी पक्षास हा अर्ज आठवण्याचे काही कारण नव्हते. आम्हांस आहे.

आता १९०३ सालाकडे येऊ. कारण संपादकाची खरी कसोटी त्या साली लागली. रशियाशी युद्ध करावे असा लोकमताचा पूर चढला होता. ‘योरोझू चोहो’ने आरंभी युद्धास विरोध केला, परंतु खप घसरू लागला, स्पर्धक पत्रे पुढे सरकली, आणि ऑक्टोबरात मालकाने धोरण बदलले. दुकान चालवावयाचे तर गिऱ्हाइकाकडे पाहावे लागते, हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. मालकाचा आम्ही द्वेष करीत नाही. परंतु कोतोकु, त्याचा मित्र साकाइ तोशिहिको आणि ख्रिस्ती विचारवंत उचिमुरा कान्झो या तिघांनी त्याच दिवसांत राजीनामे दिले.  महिनाभरात, १५ नोव्हेंबर १९०३ रोजी, कोतोकु व साकाइ यांनी उसनवारीच्या पैशांवर ‘हेइमिन शिम्बुन’ हे साप्ताहिक काढले. जपानी कायद्यात सरदार, सामुराई आणि त्यांच्या खाली हेइमिन, म्हणजे सामान्य रयत, असे वर्ग होते. पत्राचे नाव तेवढ्यावरून कळावे. कोतोकुचे व्यापारी घराणेही याच वर्गातले.

लढाई पेटली असता लढाईविरुद्ध पत्र चालविणे म्हणजे काय हे समजण्यास त्याचे अंक पाहावे. १९०४ च्या मार्चात या पत्राने रशियातील समाजवाद्यांस उद्देशून एक खुले पत्र छापले. त्याचा आशय असा की, तुमचे आमचे वैर नाही. तुमच्या आमच्या देशांतील लष्करशाही हीच दोघांची शत्रू आहे. त्यात हेही म्हटले होते की, आम्ही बॉम्बवाले नाही. आमची लढाई विचाराची व वाणीची आहे, शस्त्राचा उपयोग आम्हांस मान्य नाही. रशियन क्रांतिकारकांच्या ‘इस्क्रा’ पत्राने उलट उत्तर दिले की, तुमचा बंधुभाव मान्य, पण बळास बळानेच उत्तर द्यावे लागते. टोकियोच्या संपादकांनी ते उत्तर छापले आणि बळाच्या मुद्द्याशी आम्ही सहमत नाही असे वर लिहिले. त्याच वर्षीच्या ऑगस्टात आम्स्टरडॅमच्या समाजवादी परिषदेत जपानच्या कातायामाने व रशियाच्या प्लेखानोवने व्यासपीठावर हस्तांदोलन केले, त्या वेळी दोन्ही देशांचे शिपाई मांचुरियात एकमेकांस संगिनी भोसकीत होते.

मार्चाच्याच अखेरीस करवाढीविरुद्ध एक लेख निघाला. लेखक कोतोकु, पण कायद्याने छापील जबाबदार संपादक साकाइ. साकाइ दोन महिने तुरुंगात गेला. एकाने लिहावे आणि दुसऱ्याने भोगावे अशी ही व्यवस्था वृत्तपत्रांच्या कायद्यांत जगभर आढळते. कोणी वकील तिचे समर्थन करील, आम्हीही एखादे वेळी केले असेल. परंतु साकाइने कधी कुरकुर केल्याचे ऐकिवात नाही. नोव्हेंबरात एका अंकात प्राथमिक शिक्षकांस उद्देशून लेख आला की, मुलांस लढाईचे वेड शिकवू नका. त्यावर खटला. लागलीच पुढच्या, म्हणजे वर्धापनाच्या, अंकात कोतोकु व साकाइ यांनी मार्क्स-एंगल्स यांच्या ‘कम्युनिस्ट जाहीरनाम्या’चे जपानी भाषांतर छापले. त्यावरही खटला, दंड आणि अंकाची जप्ती. छापखान्यातील यंत्रापर्यंत जप्ती येऊन ठेपली तेव्हा जानेवारी १९०५ च्या अखेरीस चौसष्टावा अंक शेवटचा म्हणून काढण्यात आला व तो सबंध तांबड्या शाईत छापला. मार्क्सने आपले कोलोनचे पत्र बंद पडताना हेच केले होते. फेब्रुवारी संपता संपता शिक्षकांस लिहिलेल्या त्या लेखाबद्दल पाच महिन्यांच्या शिक्षेवर कोतोकु सुगामोच्या दारातून आत गेला.

तुरुंगाने माणूस सुधारतो असे सरकारे मानितात. कोतोकुच्या बाबतीत तुरुंगाने एवढेच केले की, त्यास वाचावयास निवांत वेळ दिला. तेथे त्याने क्रोपोत्किनचे ‘शेते, कारखाने आणि कर्मशाळा’ हे पुस्तक वाचले. मत्स्यन्याय हाच सृष्टीचा नियम नाही. परस्परसाहाय्य हाही सृष्टीचाच नियम आहे, आणि राज्यसत्तेच्या दंडुक्यावाचून माणसे एकमेकांस धरून राहू शकतात, असे या रशियन राजपुत्राचे प्रतिपादन. जुलैअखेर सुटून आल्यावर कोतोकुने अमेरिकेतील एका वृद्ध स्नेह्यास कळविले की, आत जाताना मी मार्क्सचा अनुयायी होतो, बाहेर आलो तो अराजकवादी होऊन. एका साध्या लेखाबद्दल पाच महिने कोंडून सरकारने एक मवाळ समाजवादी गमावला आणि एक जहाल अराजकवादी मिळविला. हा सौदा कोणत्याही हिशेबनिसाने तोट्यात मांडावा असाच आहे.

नोव्हेंबर १९०५ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोस गेला. तेथे असतानाच १८ एप्रिल १९०६ चा भूकंप झाला व मागून आग लागून शहर जळाले. त्या राखेत कोतोकुने जे पाहिले त्याने तो भारावून गेला. अन्न फुकट वाटले जात आहे, रोगी व वृद्ध यांची शुश्रूषा सर्वजण करीत आहेत, पैसा निरुपयोगी झाला आहे, दुकानदारी थांबली आहे आणि तरीही लोक जगत आहेत. अराजकवादी साम्यसमाज कसा असेल त्याचा नमुना काही आठवडे आपण डोळ्यांनी पाहिला असे त्याने लिहिले. त्याच दिवसांत शहराच्या महापौराने लुटारूंस दिसताक्षणी गोळी घालण्याचा हुकूम काढिला होता व रस्त्यांत बंदुकवाले शिपाई उभे होते, ही बाजूही सांगितली पाहिजे. आपत्तीत माणसे देवासारखी वागतात हे खरे. ती वर्षभर तशी वागतील का, हा प्रश्न कोतोकुने आपणास विचारला नाही.

मायदेशी परतल्यावर त्याने नवे मत उघड मांडले. साकाइ वगैरे मंडळींनी जानेवारी १९०७ मध्ये ‘हेइमिन शिम्बुन’ पुन्हा, या खेपेस दैनिक म्हणून, सुरू केले. त्यात ५ फेब्रुवारी रोजी ‘माझ्या विचारांतील पालट’ हा त्याचा लेख आला. मताधिकाराने व पार्लमेंटने कामकऱ्यांची मुक्ती होणार नाही. कामकऱ्यांनी एकजुटीने संप करणे, यास तो प्रत्यक्ष कृती म्हणतो, हाच मार्ग होय, असे त्याचे म्हणणे. त्या वेळच्या जपानात सालास दहा येन प्रत्यक्ष कर भरणाऱ्या पुरुषासच मत होते. रयतेपैकी फारच थोड्यांस ते होते. अशा पार्लमेंटचा वीट यावा हे नवल नव्हे. परंतु ज्या देशास स्वतःचे कायदेमंडळ मिळविण्याकरिता पिढ्या खर्चाव्या लागल्या त्या देशाचे आम्ही रहिवासी. पार्लमेंट वाईट आहे म्हणून फेकून द्या असे आमच्याच्याने म्हणवत नाही. लेख आला त्याच आठवड्यात आशिओच्या खाणीतील मजुरांनी दंगल करून कचेऱ्या जाळल्या व सैन्य बोलवावे लागले. शेतकऱ्यांचा अर्ज पाच वर्षांपूर्वी रस्त्यात अडविला होता तीच ही खाण. सरकारने समाजवादी पक्षावर बंदी घातली. दैनिक एप्रिलात बंद पडले.

१९०८ च्या जूनमध्ये टोकियोत तांबडी निशाणे मिरविल्याबद्दल साकाइ, ओसुगी प्रभृतींस पकडून लांब शिक्षा झाल्या. कोतोकु त्या वेळी आपल्या गावी प्रकृतीकरिता राहून क्रोपोत्किनच्या ‘भाकरी मिळविणे’ या ग्रंथाचे भाषांतर करीत होता. साकाइ या शिक्षेमुळेच पुढे फाशीतून वाचला. कटाच्या वेळी तो आधीच तुरुंगात होता, तेव्हा त्यास गोवणे शक्य झाले नाही.

१९०९ साली कोतोकुने व कान्नो सुगा या स्त्रीपत्रकाराने ‘स्वतंत्र विचार’ नावाचे नियतकालिक काढले. दोनच अंक निघाले, दोन्हींवर बंदी आली. दंडाची रक्कम भरणे न साधल्याने कान्नो पुढे तुरुंगात गेली. येथे कोतोकुचे गृहचरित्र झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याने पत्नीस सोडून दिले होते, आणि कान्नोचा पूर्वीचा जोडीदार कैदेत असताना तिच्याशी संसार मांडला. यामुळे जवळचे मित्रही दुरावले. आम्ही चरित्र लिहीत आहो, स्तोत्र नव्हे. घराबाहेर पोलिसांचा तंबू, कोण आले कोण गेले याची नोंद, मित्र दुरावलेले, क्षयाने पोखरलेले शरीर, आणि लिहिलेले छापता येत नाही, अशी त्याची शेवटची वर्षे गेली.

मियाशिता ताकिची नावाचा एक यंत्रकारागीर नागानो प्रांतातील लाकडाच्या गिरणीत कामास होता. सम्राटही माणूसच आहे, त्याचे रक्त सांडले की लोकांची भ्रांती जाईल, असे त्याने मनाशी घेतले, व नोव्हेंबर १९०९ मध्ये एका डोंगरात त्याने गोळा फोडून पाहिला. कान्नो, निइमुरा तादाओ आणि फुरुकावा रिकिसाकु हे त्याचे साथी. कोतोकुच्या कानावर हा बेत होता; त्याने प्रथम ऐकून घेतले, पुढे अंग काढून घेतले, आणि अखेरीस युगावारा येथील उष्ण झऱ्यांच्या गावी जाऊन ग्रंथलेखनास बसला. मे १९१० मध्ये मियाशितास पकडले, १ जून रोजी कोतोकुस. येथपर्यंत चारपाच माणसांचा एक अर्धवट कट दिसतो. कोणत्याही सरकारास त्याचा तपास करण्याचा हक्क होता, हे आम्ही नाकारीत नाही.

परंतु तपास वाढत वाढत सव्वीस आरोपी झाले. कुमामोतोपासून किइच्या किनाऱ्यापर्यंत जेथे जेथे म्हणून कोतोकुचे वाचक वा मित्र होते तेथून माणसे धरून आणिली. त्यांत शिंगू गावचा डॉक्टर ओइशी सेइनोसुके होता. अमेरिकेत शिकलेला हा भला वैद्य गरिबांस फुकट औषध देई. रोगांच्या अभ्यासाकरिता तो आमच्या मुंबईतही काही काळ राहून गेला होता, आणि येथील जातिभेद पाहून त्याचे मन समाजवादाकडे वळले असे सांगतात. मुंबईने त्यास काय शिकविले हे वाचून आमची मान खाली गेली. उचियामा गुदो आणि ताकागी केन्म्यो हे दोघे बौद्ध भिक्षू होते. ताकागीच्या देवळाचे यजमान बहुतेक जपानातील अस्पृश्य मानलेल्या वस्तीतले. त्यांच्याकरिता झटणे हाच त्याचा समाजवाद.

खटल्याची हकीकत वकिलांनी नीट वाचावी अशी आहे. जपानी दंडविधानाच्या ७३ व्या कलमाप्रमाणे सम्राटास अपाय करणारा किंवा करू पाहणारा, दोघांसही एकच शिक्षा, ती मृत्यू. असा खटला प्रथमच सर्वोच्च न्यायालयापुढे चाले. म्हणजे पहिला निकाल तोच शेवटचा, अपील नाही. १० डिसेंबर १९१० रोजी सुनावणी सुरू झाली आणि न्यायालयाने लागलीच प्रेक्षकांस बाहेर काढून दारे लावून घेतली. बचावाच्या वकिलांनी साक्षीदार बोलाविण्याची मागणी केली. एकही साक्षीदार बोलाविला गेला नाही. पुरावा म्हणजे बंद खोलीत चौकशी अधिकाऱ्यांनी लिहून घेतलेले जबाब. फिर्यादी पक्षाचा सूत्रधार हिरानुमा किइचिरो. आरोपींच्या कृत्यामागील हेतू त्यांच्या श्रद्धेत आहे, असा त्याच्या भाषणाचा रोख होता. एकदा हे तत्त्व मान्य केले की, कटाची बैठक सिद्ध करावयास नको, गोळा कोणी आणला ते सिद्ध करावयास नको. आरोपी काय वाचीत होता एवढे दाखविले की पुरे. पेढीवर एखाद्या गिऱ्हाइकाने ‘रक्कम बुडवावीशी वाटते’ असे नुसते म्हटले, म्हणून त्याच्यावर बुडविल्याची डिक्री करून देणाऱ्या न्यायाधीशास आमचे व्यापारी बंधू काय म्हणतील?

येथे वाचकांस टिळकांचा १९०८ सालचा खटला आठवेल. त्या खटल्याचा निकाल अन्यायाचा होता यात शंका नाही. नऊ ज्यूरींपैकी सात गोरे, मराठी न जाणणारे, आणि लेखांची भाषांतरे सदोष. परंतु दार उघडे होते. टिळक एकवीस तासांहून अधिक बोलले, त्यांचा शब्दन् शब्द छापला गेला, नऊपैकी दोघा ज्यूरींनी त्यांस निर्दोष म्हटले, आणि शिक्षेनंतर गिरणीकामगारांनी सहा दिवस मुंबई बंद पाडली. परकी सत्तेच्या न्यायालयातही उघड्या दाराने जेवढे साधले तेवढे स्वदेशी सम्राटाच्या न्यायालयात कोतोकुस मिळाले नाही. स्वराज्य आले म्हणजे न्याय आपोआप येतो असे ज्यांस वाटते त्यांच्याकरिता हे लिहीत आहो.

कोठडीतून कोतोकुने आपल्या वकिलांस एक लांब पत्र लिहिले. अराजकवाद म्हणजे राजवध नव्हे. राजवध करणारे सर्व पक्षांत, देशभक्तांतही, होऊन गेले. आणि चौकशीचे जबाब आरोपीच्या तोंडचे नसून लिहून घेणाऱ्याच्या कलमाचे कसे होतात, हे त्याने शांतपणे, मुद्देसूद लिहिले आहे. नोव्हेंबरात त्याची वृद्ध माता तोसाहून टोकियोस येऊन त्यास तुरुंगात भेटून गेली. घरी परतल्यावर डिसेंबर संपण्याच्या आत ती वारली. त्याच दिवसांत तो कोठडीत एक पुस्तक पुरे करीत होता. ते त्याच्या मरणानंतर निघाले.

१८ जानेवारी १९११ रोजी निकाल झाला. चोवीस जणांस फाशी, दोघांस मुदतीची कैद. दुसऱ्या दिवशी सम्राटाच्या कृपेने चोवीसांपैकी बारा जणांची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. २४ जानेवारीस कोतोकु, डॉक्टर ओइशी, भिक्षू उचियामा यांसह अकरा पुरुषांस एकामागून एक फासावर चढविले. दिवस मावळल्यामुळे कान्नो सुगास दुसऱ्या दिवशी. निकाल आणि अंमलबजावणी यांत सहा दिवस. कान्नो वगळता या बारांपैकी किती जणांचा त्या बेतात प्रत्यक्ष हात होता? मियाशिता, निइमुरा आणि फुरुकावा. बाकीच्या आठांचे काय, याचे उत्तर त्या बंद दारातून कधी बाहेर आले नाही.

मात्र एक कागद बाहेर आला. बचावाच्या वकिलांत हिराइदे शू म्हणून एक तरुण कवी होता. त्याच्याकडून दुसऱ्या एका कवीने, इशिकावा ताकुबोकुने, कोतोकुचे ते पत्र गुपचूप मागून घेतले आणि रात्री बसून हाताने उतरून काढले. ताकुबोकु एका वर्तमानपत्रात मुद्रिते तपासून पोट भरीत असे, आणि पुढच्याच वर्षी क्षयाने वारला. ती नक्कल त्याच्या हयातीत छापली गेली नाही, पण नष्टही झाली नाही. १ फेब्रुवारी रोजी कादंबरीकार तोकुतोमी रोकाने टोकियोच्या पहिल्या उच्च विद्यालयात भरसभेत फाशी गेलेल्यांची बाजू मांडली. साकाइ सुटून आला तेव्हा त्याने मित्रांच्या पोटापाण्याकरिता एक दुकान काढले. कोणास पत्र लिहून पाहिजे, जाहिरात लिहून पाहिजे, भाषांतर पाहिजे, तर दाम घेऊन लिहून देण्याचे. स्वतःचे लिहिता येत नाही म्हणून दुसऱ्याचे लिहून विकावयाचे, असा हा अक्षरांचा व्यापार त्या मंडळींनी काही वर्षे केला.

फिर्यादी हिरानुमा चढत चढत १९३९ साली जपानचा मुख्य प्रधान झाला. महायुद्धानंतर टोकियोच्या आंतरराष्ट्रीय न्यायासनापुढे त्याच्यावर खटला चालून १९४८ साली त्यास जन्मठेप झाली. तो खटला उघड्या न्यायालयात झाला. साक्षीदार आले, त्यास वकील मिळाले. ७३ वे कलम १९४७ साली दंडविधानातून काढण्यात आले. फाशीतून वाचून जन्मठेपेत वर्षे काढलेला साकामोतो सेइमा याने १९६१ साली फेरचौकशीचा अर्ज केला. तो १९६५ साली उच्च न्यायालयाने आणि १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. कायद्याच्या दप्तरी कोतोकु आजही राजद्रोहीच आहे. दप्तराबाहेरचे लोक मात्र निराळे बोलू लागले. उचियामा व ताकागी यांस पूर्वी वाळीत टाकणाऱ्या त्यांच्या बौद्ध पंथांनी १९९३ व १९९६ साली त्यांची प्रतिष्ठा परत दिली. नाकामुरा शहराच्या सभेने २००० साली आपल्या सुपुत्राच्या गौरवाचा ठराव केला. शिंगूने २०१८ साली डॉक्टर ओइशीस सन्माननीय नागरिक ठरविले.

कोतोकुची समाधी नाकामुरा येथे शोफुकुजीच्या स्मशानात, आप्तांच्या समाध्यांजवळ आहे; साधा उभा दगड, त्यावर नाव. त्याच्या लगतच जिल्हा न्यायालयाच्या शाखेची इमारत आहे.